सोड म्हणेपर्यंत

१

एखादी वायर बरोबर जागी लागली आहे की नाही, हे तपासायची ताईची पद्धत अगदी साधी होती. ती एका खोलीत लॅपटॉपसमोर बसायची आणि तिचा धाकटा भाऊ इमारतभर हिंडायचा. प्रत्येक खोलीत भिंतीवर तापमानाचा एक सेन्सर असतो. त्याचं झाकण काढलं की आत मुगाच्या दाण्याएवढा मणी दिसतो. भाऊ तो मणी चिमटीत धरायचा. ताई फोनवर म्हणायची, "धर." तो म्हणायचा, "धरलाय." मग पडद्यावर त्या खोलीचा आकडा चढायला लागायचा. चोवीस, सव्वीस, तीस. आकडा चढला म्हणजे वायर बरोबर. "सोड." "सोडला." "पुढचा." दिवसाला साठ-सत्तर वेळा हेच संभाषण, आणि तेही अकरा वर्षं. सख्ख्या बहीण-भावात याहून कमी शब्दांत कुणी संसार केला नसेल.

दोघांचीच कंपनी होती. जुन्या इमारतींमधली गारवा, हवा, पंखे, झडपा सांभाळणारी यंत्रणा थकली, की तिच्या जागी नवा कंट्रोलर बसवून द्यायचा, हा धंदा. भावाला घरात बारक्या म्हणत. तो सहा फुटी आणि नव्वद किलोचा गडी होता, पण शेंडेफळ असल्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलं.

बारक्याचे हात लहानपणापासून गरम. इतर कामगारांनी मणी धरला तर आकडा तिसापर्यंत जाऊन दमायचा. बारक्याच्या चिमटीत तो तेहेतीस ओलांडायचा. शाळेत असताना ताई थंडीत आपले हात त्याच्या हातात कोंबायची आणि आई म्हणायची, "त्याला काय शेगडी समजलीस?" आता त्याची सहा महिन्यांची लेक तोच उद्योग करत होती. बापाचा तळवा पाठीवर असल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

आणि तो सांगितलेलं काम सोडत नसे. एकदा तो शिडीवर मणी धरून उभा असताना ताईला दुसरा फोन आला. ती बोलण्यात अशी रमली, की "सोड" म्हणायचं राहूनच गेलं. चाळीस मिनिटांनी आठवण होऊन तिने पाहिलं, तर आकडा तेहेतिसावर तसाच. "अरे, सोडायचास की!" ती ओरडली. "तू कुठे म्हणालीस?" तो म्हणाला. हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगून झाला होता, की भावजयीला तो ताईपेक्षा चांगला सांगता यायचा.

२

ही इमारत सात मजली होती. बाहेरच्या कंपन्या आपली जुनी कागदपत्रं इथे ठेवायला देत. प्रत्येक मजल्यावर छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर खोकी, आणि खोक्यांमधल्या कागदाला ओल लागू नये म्हणून बाराही महिने ठरावीक तापमान. माणसं थोडीच. मजल्यावर एखादा कारकून दिसला तर दिसला. भिंती इतक्या जाड होत्या, की आत शिरलं की फोन मुका.

जुनी यंत्रणा तीस वर्षांची होती. कपाटाएवढी राखाडी पॅनेलं, हिरव्या अक्षरांचा पडदा. तिची भाषा नव्या कंट्रोलरला कळावी म्हणून मध्ये एक छोटी पेटी लावतात. बारक्या तिला दुभाषी म्हणायचा. काही दिवस जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं, एकेक वायर नव्यावर घ्यायची आणि शेवटी जुन्याचा खटका खाली ओढायचा. शुक्रवारी दुपारी चारची वेळ ठरली होती.

जुन्या यंत्रणेचा ऑपरेटर तिच्याबरोबरच निवृत्त होणार होता. त्याला सगळे काका म्हणत. नाकासमोर चालणारा, मितभाषी माणूस. रोज सकाळी चारशे बारा आकडे स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घ्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने ताईसमोर दोन वॉकीटॉकी ठेवले.

"फोन चालणार नाहीत. हे घ्या. फक्त एक करा ताई, नाव घेऊन बोला."

"म्हणजे?"

"नुसतं धर, सोड, ये, जा असं म्हणू नका. कुणाला सांगताय ते आधी म्हणा. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"पूर्वी बरीच माणसं असतील ना एका चॅनेलवर," ताई म्हणाली. "घोटाळा होत असेल."

"हो."

"पण आता आम्ही दोघंच आहोत काका."

"दोघंच," काका म्हणाले. "तरी."

ताईने मान डोलावली. जुन्या माणसांच्या अशा सवयी तिने खूप पाहिल्या होत्या. कुणी खटका डाव्याच हाताने दाबतो, कुणी पॅनेलला नमस्कार करतो. मान डोलवायची आणि आपलं काम करायचं.

३

सोमवारी तिने नव्या कंट्रोलरला जुन्यातले सगळे पॉइंट, म्हणजे जोडलेली एकेक वायर, शोधायला लावले. तो बापडा वीस मिनिटं शोधत बसला आणि यादी देऊन मोकळा झाला. यादीत चारशे तेरा नोंदी होत्या.

एक जास्त निघणं हे काही नवल नव्हे. जुन्या यंत्रणांच्या पोटात काय काय पडलेलं असतं. काढून टाकलेली यंत्रं, बुजवलेल्या खोल्या, कुणीतरी चाचणीसाठी केलेली आणि पुसायला विसरलेली नोंद. ताईने ती ओळ काढून पाहिली. नाव कोरं. पत्ता होता, पॅनेल तीन, जागा सतरा. प्रकार, खोलीचं तापमान. आकडा, १९.२.

पॅनेल तीन पाचव्या मजल्याच्या टोकाला होतं. ती स्वतः जाऊन बघून आली. दार उघडलं, बॅटरीच्या उजेडात वायरी जोडायच्या पट्टीवरचे स्क्रू मोजले. सोळा. सतराव्या स्क्रूला पॅनेलमध्ये जागाच नव्हती. पट्टीच्या खाली मात्र एक बारीक वायर बाहेर आलेली होती. तिचं टोक जुन्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं होतं आणि दुसरं टोक भिंतीत गेलं होतं.

"मेमरीतला कचरा आहे," ती खाली येऊन बारक्याला म्हणाली. "आकडा कधीकाळचा अडकून बसलाय. शेवटी पुसून टाकते."

असं म्हणत असतानाच तिची नजर पडद्यावर गेली. १९.२ चा १९.३ झाला आणि परत १९.२ झाला. अडकलेला आकडा हलत नसतो. ताईने ते पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

४

मंगळवारी त्यांनी पाचवा मजला तपासायला घेतला. पहिला सेन्सर जिन्याजवळचा होता.

"धर."

"धरलाय."

जिन्याजवळचा आकडा चढला. चोवीस, सत्तावीस, एकतीस. आणि यादीच्या तळाशी, त्या कोऱ्या ओळीत, दुसरा आकडा खाली उतरला. एकोणीस, सोळा, तेरा.

"सोड."

"सोडला."

वरचा आकडा उतरू लागला, खालचा चढू लागला. दोन मिनिटांत दोन्ही आपापल्या जागी आले.

दुसऱ्या सेन्सरला तेच झालं, तिसऱ्यालाही तेच. चौथ्याच्या आधी ताईने वॉकी तोंडाशी धरला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "बारक्या, तू काहीही धरू नकोस. हात खिशात घालून उभा राहा."

"राहिलो. काय झालं?"

"काही नाही." मग ती म्हणाली, "धर."

वॉकीत फक्त एकदा बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला. तळाच्या ओळीतला आकडा उतरत उतरत अकरावर गेला आणि तिथे स्थिर राहिला.

ताई आकड्याकडे बघत बसली. खोलीत घड्याळाची टिकटिक होती, बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. दुपारचे अडीच वाजले होते आणि खिडकीतून टेबलावर चांगलं लख्ख ऊन आलेलं होतं. अशा उन्हात माणूस घाबरत नाही. ती घाबरलीही नाही. वॉकीचं बटण दाबलं की लहरी सुटतात, लहरी उघड्या वायरीत शिरतात, आणि वायरीतला आकडा हलतो. हे तिने पूर्वी दोनदा पाहिलं होतं. तिने वहीत लिहून टाकलं, "वॉकीमुळे आकड्यात गडबड."

मग तिला वाटलं, गडबड असेल तर ती बटण सोडल्यावर थांबायला हवी. बटण सोडून तर मिनिट झालं होतं.

"सोड," ती हळूच म्हणाली.

आकडा चढू लागला.

५

बुधवारी ती काकांच्या खोलीत गेली. काका वही आखत होते.

"काका, तीन नंबरच्या पॅनेलला किती जागा आहेत?"

"सोळा."

"सतरावी?"

काकांनी पट्टी बाजूला ठेवली. "ताई, मी तीस वर्षांत सोळाच मोजल्या." मग त्यांनी विचारलं, "नाव घेऊन बोलताय ना?"

ताईला राग आला. खरं म्हणजे राग काकांचा नव्हता, स्वतःचा होता, कारण नाव घ्यायला ती साफ विसरत होती. अकरा वर्षांची सवय जिभेवरून एका आठवड्यात उतरते थोडीच? "घेते हो," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

त्या दुपारी ती बारक्याला घेऊन पाचव्या मजल्यावर गेली. कॉरिडॉर लांब आणि स्वच्छ होता. पॅनेलच्या शेजारी एक कोरी भिंत होती. नकाशाप्रमाणे त्या भिंतीमागे पाइप जाण्यापुरता उभा कोनाडा होता, जेमतेम दोन हात रुंद. बारीक वायर त्यातच गेली होती.

भिंतीवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीला, रंग गुळगुळीत झाला होता. जिन्याचा कठडा वर्षानुवर्षांच्या हातांनी होतो, तसा. बाकी भिंत खरखरीत आणि तेवढाच एक तळव्याएवढा भाग चकचकीत. बारक्याने सहज तिथे हात ठेवला.

"काढ हात," ताई म्हणाली.

"का?"

"काढ म्हटलं ना."

त्याने काढला. चकचकीत जागेवर त्याच्या तळव्याची वाफ उमटली होती. ती विरायला लागली, बोटांकडून मनगटाकडे, आणि पाहता पाहता नाहीशी झाली.

"गार आहे गं भिंत," बारक्या म्हणाला. "आत उतरून बघू? कोनाड्याचं दार सहाव्या मजल्यावर आहे, शिडी दिसतेय नकाशात. वायर कुठे जाते ते कळेल तरी."

"काही गरज नाही. आपल्या कामात ती धरलेलीच नाही."

"तुझ्या चेहऱ्यावरून तर ती तुझ्या डोक्यात शिरलीये," तो हसून म्हणाला. ताईही हसली. त्याच्या हसण्याने तिच्या जिवात जीव आला, हे तिला कबूल करावंच लागलं.

६

शुक्रवारी सकाळपासून कामाचा नुसता सपाटा होता. चारशे बारा वायरी नव्यावर आल्या होत्या. शेवटच्या काही सेन्सरांची उजळणी तेवढी बाकी होती. बारक्याच्या हातात ताईने छापून दिलेली यादी होती, तिच्यासमोर तीच यादी पडद्यावर. तिने नाव कोरं असलेली ओळ पुसायचं ठरवलं होतं आणि तेच राहून गेलं होतं. त्यामुळे छापील यादीही चारशे तेरा ओळींचीच निघाली होती.

साडेतीन वाजून गेले. जुन्या पॅनेलच्या खोलीत काका खटक्याजवळ उभे होते आणि टेबलावरच्या इंटरकॉमवरून त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ताईची नजर आकड्यांवर होती आणि तोंड आपोआप चाललं होतं.

"सोड."

"सोडला. चारशे बारा झाले."

"पुढचा."

"पुढचा बघतो. हा त्या वायरीचा आहे ना? थांब, उतरतो."

ताईला वाक्य कळायला दोन क्षण लागले. "अरे, नको! तो नाही करायचा. ऐकलंस?"

वॉकीत नुसती खरखर होती. ती दोनदा बोलली, तीनदा बोलली. पायऱ्यांवर बुटांचा आवाज यावा तसा आवाज आला, लोखंडावर काहीतरी घासलं, मग शांत झालं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी बारक्याचा आवाज आला, जरा दमलेला.

"धरलाय."

कोऱ्या ओळीतला आकडा हलला. ताईने टेबलाची कड घट्ट पकडली. एकोणीस. वीस. तेवीस. अठ्ठावीस. आकडा चढत होता. तिने श्वास सोडला आणि तिला हसूच आलं. शेवटी खरा सेन्सरच निघाला! कोनाड्यात कुणीतरी लावून विसरलेला, आणि तिने त्याच्यापायी आठवडाभर झोप खराब करून घेतली. एकतीस. तेहेतीस. आकडा ३३.४ वर येऊन थांबला. एवढा गरम हात तिच्या ओळखीत एकाच माणसाचा होता.

दार उघडलं. बारक्या आत आला.

त्याच्या दोन्ही हातांत मशिनच्या कॉफीचे कागदी कप होते. खांद्यावर धूळ, कानामागे पेन्सिल, रोजच्यासारखी. "वॉकीची बॅटरी गेली गं," तो म्हणाला. "खाली चार्जिंगला लावून आलो. म्हटलं, चार वाजेपर्यंत कॉफी तरी घ्यावी."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. टेबलावरच्या वॉकीत आवाज आला.

"ताई, धरलाय. सोडू का?"

तोच आवाज. दारातल्या बारक्याने तो ऐकला. त्याने मान थोडी तिरकी केली आणि वॉकीकडे जरासा हसून पाहिलं, एवढंच.

इंटरकॉमवर काका म्हणाले, "चार वाजले. बंद करू?"

ताईच्या मनात नाव घ्यायचं आलं. पण नाव कुणाचं घेणार? दोघांचं एकच होतं. तिने समोरच्या माणसाकडे पुन्हा पाहिलं. तोच चेहरा, तोच हनुवटीवरचा लहानपणी पडल्याचा व्रण, शर्टाचं तेच तुटकं बटण. माणसाने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? आठवडाभर त्या वॉकीने आणि त्या ओळीने तिला खेळवलं होतं. आता पुरे झालं होतं.

"ताई, सोडू का गं?" वॉकीत पुन्हा आवाज आला.

"करा बंद," ती इंटरकॉममध्ये म्हणाली.

लांबून कुठूनतरी खटक्याचा आवाज आला. तीस वर्षांची घरघर थांबली आणि ती एवढा वेळ चालू होती हे तेव्हा कळलं. वॉकी गप्प झाला. कोरी ओळ राखाडी झाली, आकडा ३३.४ वरच गोठून राहिला.

"झालं एकदाचं," बारक्या म्हणाला आणि त्याने कप तिच्या पुढ्यात सरकवला. मशिनमधून नुकतीच आणलेली कॉफी. ताईने घोट घेतला. ती थंडगार होती.

७

पुढचे पंधरा-वीस दिवस नेहमीसारखे गेले, असंच ताई सगळ्यांना सांगायची.

काकांचा फोन आला होता. आवरासावर करताना वॉकी एकच सापडला म्हणाले. "मी चार्जिंगला लावला होता की," बारक्या म्हणाला. काकांनी वाद घातला नाही. फोन ठेवताना मात्र त्यांनी विचारलं, "भाऊ बरा आहे ना तुमचा?" त्यांना एवढंच विचारायचं होतं, असं ताईला नंतर वाटत राहिलं.

भावजयीचा फोन आला तो दुपारी, बारक्या घरी नसताना. "ताई, हल्ली बाळ यांच्याकडे जातच नाही. यांनी नुसता पाठीवर हात ठेवला तरी रडून आकांत करते. दात येत असतील का हो?"

"येत असतील," ताई म्हणाली. "सातवा महिना लागला ना."

"आणि हे काही बोलतही नाहीत. तिला खाली ठेवतात आणि बघत बसतात."

ताईने विषय बदलला. फोन ठेवल्यावर तिला चुटपुट लागली. बारक्याच्या वागण्यात बोट ठेवावं असं काही नव्हतं. तो वेळेवर यायचा, जेवायचा, विनोदावर हसायचा. एक दिवस तिने चाळीस मिनिटांचा तो किस्सा मुद्दाम काढला. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि शेवटी त्याने विचारलं, "मग पुढे काय झालं?"

थट्टा करतोय, तिने स्वतःला सांगितलं. थट्टेखोर आहेच तो. आपल्या मनाला ती असं दिवसातून चार-पाचदा सांगू लागली.

८

एकोणिसाव्या दिवशी नवं काम लागलं. एका शाळेची इमारत. उन्हाळी सुट्टी होती, वर्ग रिकामे, खिडक्या मोठ्या आणि फोनला भरपूर रेंज. ताई शिक्षकांच्या खोलीत बसली. बारक्या पहिल्या वर्गात गेला. मधल्या दिवसांत सगळं कागदोपत्री काम होतं. त्यामुळे त्या शुक्रवारनंतरचा हा पहिलाच मणी.

"धर," ती फोनवर म्हणाली.

"धरलाय."

वर्गाचं तापमान सव्वीस होतं. ताई वाट बघत होती. सव्वीस. पंचवीस. बावीस. आकडा सावकाश, एकसारखा उतरत होता. अठरा. चौदा. अकरावर येऊन तो स्थिर राहिला.

ताई ओरडली नाही. तिने लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडली. त्या सात मजली इमारतीचा नवा कंट्रोलर तिला इथूनही दिसायचा, देखभालीसाठी तशी सोय ठेवलेली होती. कोरी ओळ पुसायची तेव्हाही राहिलीच होती. जुनी पॅनेलं भंगारात जाऊन दोन आठवडे झाले होते. दुभाषी पेटी तर ताईच्याच घरी फडताळात पडली होती. ती ओळ मेलेली असायला हवी होती.

ती राखाडी नव्हती. तिच्यापुढे आकडा होता, ३१.६, आणि तो जिवंत होता.

ताईने आलेख काढला. शुक्रवारी चार वाजता ३३.४. मग रात्र, मग दिवस, मग रात्र. एकोणीस दिवसांची एकच रेघ. रोज थोडी थोडी खाली आलेली, दमत चाललेली, पण कुठेही तुटलेली नाही. एक मिनिटसुद्धा कुठे हात सुटलेला नाही.

तिने सोड म्हटलं नव्हतं. ती म्हणाली नव्हती, म्हणून त्याने सोडलं नव्हतं. दोन हात रुंद कोनाड्यात, काळोखात, तिचा भाऊ मणी धरून उभा होता. त्याने दोनदा विचारलं होतं, आणि तिने त्याला डावलून इंटरकॉमवर दुसऱ्याच माणसाला उत्तर दिलं होतं. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही, कारण आकड्यावरून नजर हलवायची तिला भीती वाटली.

"ताई?" फोनवर आवाज आला. शेजारच्या वर्गातून तोच आवाज भिंतीतूनही येत होता. "झालं ना? सोडू का?"

शब्द तिच्या जिभेवर तयार होता. अकरा वर्षं, दिवसाला साठ-सत्तर वेळा म्हटलेला. ओठ उघडलेही होते. तिने ते दातांखाली दाबले. तो शब्द आता नुसता उच्चारला तर कोनाड्यातला हात सुटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ताई, सोडू का गं?"

तिने एका हाताने गाडीची किल्ली चाचपली. दुसऱ्या हाताने फोन तोंडाजवळ आणला. आणि या खेपेला तिने नाव घेतलं.

"बारक्या," ती म्हणाली, "धरून ठेव. मी येतेय."

कोऱ्या ओळीतला आकडा थरथरला. ३१.६. ३१.७. ३१.९. बत्तीस.

मग शेजारच्या वर्गात कुणीतरी शिडीवरून सावकाश खाली उतरलं, आणि अगदी शांत आवाजात विचारलं,

"कुणाला सांगतेस, ताई?"